तीन भिंतींचं घर

आख्ख्या स्टुडिओत मुंगीला रिकाम्या हाताने चालताना कुणी पाहिलेलं नव्हतं. हातात खुर्ची तरी असायची, नाहीतर पडद्यांचा गठ्ठा, नाहीतर कुंडी, आणि अगदीच काही नसलं तर दुसऱ्या कुणाचा तरी चहाचा कप. त्यातून अंग किडकिडीत आणि चाल तुरुतुरु. थोरल्या बहिणीने लहानपणी ठेवलेलं हे नाव सेटवरच्या लोकांपर्यंत कसं पोचलं देव जाणे, पण पोचलं आणि तेच पडलं. मुंगीचं काम खोटी घरं बांधायचं. जाहिरातीत ती लखलखीत स्वयंपाकघरं असतात ना, ज्यांच्या ओट्यावर कधी थेंब सांडत नाही, ती तिची. साबण, टूथपेस्ट आणि फरशी पुसायची औषधं विकणारी घरं उभी करायची आणि मोडायची, यातच तिची उमेदीची वर्षं गेली होती. आणि आता, म्हणतात ना, देणारा देतो तेव्हा छप्पर फाडून देतो, तसं झालं होतं. जिच्या गाण्यावर अर्धं जग सकाळी दात घासतं त्या गायिकेच्या नव्या गाण्याचं घर मुंगीने बांधायचं होतं.

गाणं होतं बघणाऱ्यांवर. दिग्दर्शक ते समजावून सांगताना दोन्ही हात असे फिरवायचा की समोरच्याने आपला चहा लांब सरकवून ठेवावा. घराला तीनच भिंती, तो सांगत होता. चौथ्या भिंतीच्या जागी खुर्च्यांच्या रांगा. पुढे मखमलीच्या, मागे प्लास्टिकच्या, त्याच्याही मागे टाचा उंच करून उभे राहिलेले. घरात गायिका एकटी. ती दात घासते, झाडाला पाणी घालते, फोनवर भांडते, रडते. ती काहीही करो, समोरचे टाळ्या वाजवतात. मग एकेक जण उठून घरात शिरतो आणि जाताना काहीतरी उचलून नेतो. मखमलीवाले पलंग आणि कपाटं नेतात, मागच्यांच्या वाट्याला चमचे, उशीचा अभ्रा, साबणाची वडी. शेवटी नुसत्या तीन भिंती उरतात, आणि लोक त्यांच्याकडे बघूनही टाळ्या वाजवतात.

मुंगीच्या अंगावर काटा आला होता. आयुष्यभर चकचकीत फरश्या विकणाऱ्या बाईला पहिल्यांदाच कुणीतरी काही सांगणारं घर मागत होतं. अट एकच, आणि ती खुद्द गायिकेची: घर महालासारखं नको, आणि मासिकातल्यासारखं तर मुळीच नको. ज्याच्याकडे आजवर कुणी वळून पाहिलेलं नाही असं घर हवं.

झालं. मुंगी असं घर शोधत वणवण हिंडली. ओळखीपाळखीच्यांकडे चहाला गेली, भाड्याने द्यायच्या जागा बघितल्या, आणि जिथे जाईल तिथे लोक आधी घर आवरून ठेवायचे. आवरलेलं घर काय कामाचं? आणि मग एका रविवारी ताईकडे जेवायला गेली असताना हात धुता धुता तिला उमगलं की काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच. हेच घर! ताई शाळेत ग्रंथपाल, भावोजी कारखान्यांमधली यंत्रं दुरुस्त करत गावोगाव हिंडणारे. दोन खोल्या, एक गॅलरी. कडेला उसवलेला सोफा, दाराशी चपला-बूट, न्हाणीघरात एकाच पेल्यात दोन ब्रश. यात बघण्यासारखं काहीएक नव्हतं, म्हणून तर ते हवं होतं.

भावोजी त्याही दिवशी दौऱ्यावर होते. आई सोफ्यावर बसून नेहमीप्रमाणे जावयाचं गुणगान करत होती, की किती राबतो बिचारा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. ताई आत वाढत होती. मुंगीने तेवढ्यात मोबाईल काढला आणि सगळं घर टिपून घेतलं, पलंगाच्या उशांपासून ते दाराच्या कडीपर्यंत. ताईला विचारलं नाही. आपल्याच ताईला काय विचारायचं? विचारलं असतं तर ताईनेही आधी घर आवरलं असतं, आणि सगळाच विचका झाला असता. तसं तिने स्वतःला समजावलं, आणि समजावण्याइतकी ती अस्वस्थ होती हे तिला जाणवलंही नाही.

मग काय विचारता! सुतारकाकांनी भिंती उभ्या केल्या, रंगाऱ्यांनी त्यांच्यावर ओल चढवली. नवी वस्तू वापरून जुनी झाल्यासारखी करायची याला हे लोक ‘वापर चढवणं’ म्हणतात, आणि त्यात मुंगीचा हात धरणारं कुणी नाही. कानशीने ती कपाटाच्या मुठीचा रंग बरोबर अंगठा टेकतो तिथेच उडवायची. सोफ्याची एकच बाजू फोटोत दबलेली होती, तेवढीच तिने वाळूची पोती ठेवून दाबली. पलंगावरची एक उशी चेपली, दुसरी फोटोत टुमटुमीत होती म्हणून तशीच ठेवली. दोन ब्रशपैकी एकाचे केस पिंजारले. दाराशी ठेवायचे पुरुषी बूट सुतारकाकांनी तळ घासायला घेतले तर तिने ते हातातून काढून घेतले, कारण फोटोत बूट भिंतीला टेकवून उभे ठेवलेले होते आणि त्यांचे तळ कोरे होते. काकांनी डोकं खाजवलं. फिरतीवरच्या माणसाचे बूट असे कसे, असं ते काहीतरी पुटपुटले. मुंगी म्हणाली, फोटोत आहे तसं, काका, तंतोतंत.

चित्रीकरणाच्या दिवशी स्टुडिओचं लग्नघर होऊन बसलं होतं. दिवे चढत होते, वायरींना लोक अडखळत होते, टाळ्या वाजवायला बोलावलेली मंडळी कपडे बदलत होती. त्यांत ताईही असणार होती, बरं का. गायिकेचं नाव ऐकल्यापासून ताई हट्टच धरून बसली होती की मला मागच्या रांगेत का होईना, पण बसव. शाळेतून रजा घेऊन, ठेवणीतले कपडे घालून ती येणार होती. मुंगीला तर कधी एकदा ताई येते आणि आपलं घर ओळखते असं झालं होतं. ताई तोंडावर हात ठेवेल, मग पाठीत धपाटा घालेल, मग हसेल. या धपाट्याची ती चांगली वाट बघत होती.

गायिका वेळेआधी आली. रक्षकांना दाराबाहेर ठेवून, तोंडाला रंग न लावता, साध्या सदऱ्यात. एवढीशी होती, मुंगीएवढीच. ती घरात शिरली. कपाटाच्या मुठीवर अंगठा टेकवून बघितला, तो बरोबर बसला, तशी हसली. दिग्दर्शकाने मुंगीकडे बघून अंगठा वर केला. मुंगीचा जीव भांड्यात पडला. गायिका न्हाणीघरात गेली, बाहेर आली, पलंगावर बसली, दोन्ही उशांवरून हात फिरवला. दाराशी जाऊन बूट उचलले आणि उलटे करून पाहिले.

मग अगदी सहज विचारलं, “या बाईचा नवरा कधी गेला?”

सगळे हसले. मुंगीही हसली आणि म्हणाली की गेला नाही, दौऱ्यावर असतो.

गायिका हसली नाही. तिने बूट खाली ठेवले, दोन्हींची टोकं नीट जुळवून. मग सांगायला लागली, आणि आवाज असा, की शेजारणीला दुधाचा भाव सांगावा. तिचं लग्न मोडलं तेव्हा बाहेर छायाचित्रकारांची रांग लागलेली असायची, म्हणून ती कितीतरी महिने दाराशी पुरुषाचे बूट मांडून ठेवायची, दोरीवर त्याचे सदरे वाळत घालायची. पण माणूस राहत नसला की वस्तू चुगली करतात. त्याच्या ब्रशचे केस वाकत नाहीत. त्याची उशी फुगलेलीच राहते. सोफा एकाच बाजूने दबतो.

“हे राहायचं घर नाही,” ती म्हणाली. “कुणीतरी बघेल म्हणून मांडलेलं घर आहे. कोण येतं हिच्याकडे बघायला?”

“मी,” मुंगी म्हणाली. “मी आणि आमची आई.”

अहो, दिव्याखाली अंधार म्हणतात तो किती असावा! वापर चढवण्यात जिचा हात कुणी धरत नाही तिने स्वतःच्या हातांनी ती उशी फुगीर ठेवली होती, तो ब्रश कोरा ठेवला होता, आणि हातातल्या वस्तू काय सांगताहेत ते तिला ऐकू आलं नव्हतं. एकेक रविवार तिच्या डोळ्यासमोर येऊ लागला. आत्ताच झोपलेत. मीटिंगमध्ये असतील, नंतर फोन करतील. ताई हे म्हणत असताना मुंगी जेवत होती, आणि जेवण झाल्यावर फोटो काढत होती.

इकडे दिग्दर्शकाला मात्र आनंद आवरेना. तो अक्षरशः उड्या मारायला लागला. म्हणाला, हेच तर गाणं आहे, घरातसुद्धा ज्याला नाटक करावं लागतं त्याचं गाणं. आता त्याला उशी जवळून हवी होती, ब्रश पडदाभर हवा होता, बुटांच्या कोऱ्या तळांवरून कॅमेरा सरकत जायला हवा होता. पुढच्या रांगेतल्या बाईने ते बूट उचलून नाक मुरडायचं, असंही त्याला सुचलं. तो एकेक सांगत होता आणि मुंगीला एकेक करून ताईची मैत्रीण, शाळेतले मास्तर, शेजारीपाजारी, आणि मोबाईल डोळ्याजवळ धरून बघणारी आई दिसत होती. आई सोफा ओळखेल. तो तिनेच घेऊन दिला होता.

तिने सांगून टाकलं. हे माझ्या बहिणीचं घर आहे, मी तिला न विचारता उचललं, आणि ती आत्ता इथे पोचेल.

दिग्दर्शकाचे हात पहिल्यांदाच खाली आले. पण हट्ट काही खाली आला नाही. वाईट वाटलं त्याला, नाही असं नाही, पण तो म्हणायला लागला की नाव कुठे आहे कुणाचं, अशी घरं हजारो असतात, दोन पडदे बदल आणि झालं. मुंगीने गायिकेकडे बघितलं.

गायिका म्हणाली, “माझं चव्हाट्यावर आलं त्याचं मी गाणं केलं. गाण्यातून उंच भिंतींचं घर बांधलं आणि आता त्यात राहते. हिच्या बहिणीला काय मिळणार?” आणि थोडं थांबून, “माझ्या न्हाणीघराचा पहिला फोटोसुद्धा घरच्याच माणसाने काढला होता.”

मुंगी पलंगाकडे गेली आणि दोन्ही उशा काखेत मारून निघाली. मग ब्रश, मग बूट. सुतारकाकांनी काही न विचारता पक्कड घेतली आणि सोफ्याचे पाय सोडवायला बसले. आणि नेमकी तेव्हाच ताई आली.

खुर्च्यांच्या रांगांमधून येत होती, एकेका दिव्याकडे लहान मुलीसारखी बघत, आणि मुंगी दिसल्यावर हात हलवणार तोच तिला घर दिसलं. हात तिथेच राहिला. ती पुढे आली नाही आणि मागेही गेली नाही. मग वळसा घालून गेली, जिथे दार होतं तिथून. उघड्या बाजूने शिरायचं तिला सुचलं नाही, किंवा सुचूनही तिने टाळलं. आत आली, सोफ्याच्या दबलेल्या बाजूवर हात ठेवला, मुंगीच्या काखेतल्या उशा बघितल्या आणि हातातले बूट बघितले. सगळा स्टुडिओ कामाचं नाटक करत होता.

“तुला कधी कळलं?” ताईने विचारलं.

“आज. आत्ता. तेही दुसऱ्या कुणीतरी सांगितलं तेव्हा.”

ताईने मान हलवली. तिचा आवाज चढला नाही, आणि तेच मुंगीला सोसेना. “हे सगळं आईसाठी मांडलं होतं गं,” ती म्हणाली. “तुझ्यापासून काय लपणार? तुझा तर धंदाच हा. दर रविवारी वाटायचं, आज विचारेल. विचारेल आणि मला रडता येईल.”

मुंगी रडली. हातात बूट, काखेत उशा, अशी उभ्या उभ्या. माझं चुकलं म्हणाली, परत म्हणाली. ताईने तिच्या हातातले बूट घेतले आणि कचऱ्याच्या पिंपात टाकले, उशा मात्र राहू दे म्हणाली, चांगल्या आहेत. मग पुढे आलेल्या दिग्दर्शकाला सरळ सांगितलं की माझं घर दाखवायचं नाही. एवढंच. पण गाणं थांबवू नका, मी रजा टाकून आले आहे.

आता खरी पळापळ सुरू झाली. घर हवं, ते वापरलेलं हवं, आणि दिवे तर पेटलेले. मुंगीने डोळे पुसले आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारत सुटली. तुमच्या गाडीत, पिशवीत, घरी, अशी काही वस्तू आहे का जी सगळ्यांनी बघितली तरी चालेल? हे ‘चालेल का’ ती प्रत्येकाला डोळ्यात बघून विचारत होती. कॅमेरामनने स्पष्ट नाही म्हटलं, आणि तिने बरं म्हटलं. सुतारकाकांनी डबा दिला, चेंबलेला, झाकण न लागणारा. केस विंचरणाऱ्या बाईने आपली चादर आणवली, रंगाऱ्याने बसायची तिवई दिली. समोर राहणाऱ्या कुणा आजोबांनी तर खुर्ची स्वतः डोक्यावर घेऊन आणली आणि ती कुठे ठेवणार ते बघायला थांबले. गायिकेला विचारलं तर ती म्हणाली की माझ्याकडे न दाखवलेलं काही उरलेलंच नाही, पण मी वस्तू उचलायला मदत करते. आणि खरंच, अर्ध्या जगाला माहीत असलेली ती बाई तिवई घेऊन धावत होती. ताई बाह्या सरसावून रखवालदाराने दिलेलं कपाट लावत होती आणि मुंगीला ओरडत होती, की तुझं असं घाईने मांडलेलं घर आईने बघितलं तर तुला उभी-आडवी झापेल. मुंगीला हे ओरडणं अमृतासारखं लागलं. घर उभं राहिलं ते कुणाच्याच घरासारखं नव्हतं, पण त्यातली प्रत्येक वस्तू कुणीतरी आपण होऊन दिलेली होती.

चित्रीकरण सुरू झालं. गायिका दात घासू लागली. ठरल्याप्रमाणे टाळ्या पडल्या. तिने झाडाला पाणी घातलं, टाळ्या. ती फोन ठेवून जमिनीवर बसली आणि रडली, तर टाळ्यांचा पाऊस. मग वस्तू न्यायला सुरुवात झाली. मखमलीवाल्यांनी कपाट उचललं, मागच्यांनी डबा. दिग्दर्शक पडद्यासमोर बसून मांड्या थोपटत होता. शेवटचा तुकडा झाल्यावर त्याने मुंगीला हाक मारली आणि न बोलता चित्र मागे नेऊन दाखवलं. दुसरा कॅमेरा प्रेक्षकांवरून सरकत होता. सगळे हात हलत होते आणि त्यात एकच बाई हात मांडीवर ठेवून बसली होती. ताई. तिला टाळी वाजवता आली नव्हती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते शब्दांत सांगायची सोय नाही, पण ते बघितल्यावर गाणं ऐकायची गरज उरत नव्हती. दिग्दर्शक हलक्या आवाजात म्हणाला की हाच शेवट, यापुढे काही दाखवायचं नाही, फक्त ही बाई. आणि मग, शहाणपण आलं होतं त्याला, मुंगीकडे बघून थांबला.

मुंगीने ताईला आणून पडद्यासमोर बसवलं. “ठेवू का?” तिने विचारलं. “नाही म्हणालीस तर पुसून टाकू. मी स्वतः समोर उभी राहून पुसून घेईन.”

ताईने स्वतःला बघितलं. पुन्हा दाखवायला सांगितलं, पुन्हा बघितलं. आपला चेहरा असा दिसतो हे तिला माहीत नसावं. घराची नक्कल ओळखूनही आईला कदाचित काही कळलं नसतं, पण हा चेहरा बघितल्यावर तिला कुणी काही सांगायला लागलं नसतं, हे दोघी बहिणींना बरोबरच कळलं.

“ठेव,” ताई म्हणाली. मग उठली, कपडे सारखे केले. “पण त्यांना म्हणावं, थोडे दिवस थांबा. आधी आईला मी सांगते.”

आणि मुंगीचा हात धरून ती दाराकडे निघाली. मुंगीने विचारलं, आत्ता? ताई म्हणाली, आत्ताच, उद्यापर्यंत मी पुन्हा घर मांडून बसेन.